साउंड

दर दुसऱ्या गुरुवारी कान तपासायची पेटी घेऊन
मी फेरीबोटीने पलीकडच्या बेटावर जाते.
शेटलंडच्या उत्तरेला, वीसेक मिनिटांचं पाणी.
नकाशात त्या पाण्याला साउंड म्हणतात.

पहिल्या दिवशी वाटलं, लाटांच्या आवाजावरून पडलं असेल नाव.
तिकिटं फाडणारी ओस्ला इस्बिस्टर हसली.
"आवाजाचा काय संबंध? हा शब्द होड्यांतून आला,
नॉर्वेकडून. पोहणं म्हणजेही तोच,
आणि पोहून जाता येईल एवढं पाणी म्हणजेही तोच."
मग कठड्यावरून खाली बघत म्हणाली,
"अर्थात, कुणी पोहत नाही."

एका पाटीखाली चार बिऱ्हाडं राहावीत,
आडनाव एकच, नातं कसलंच नाही,
आणि पोस्टमनने सगळ्यांची पत्रं एकाच फटीतून आत सारावीत,
तसा हा शब्द.

कानात येतो तो मूळचा रोमचा, फ्रान्सात मुक्काम करून आलेला.
त्याच्या शेवटचा ड तर त्याचा नव्हेच.
वाटेत कुठेतरी चिकटला, कुणी झटकला नाही.

धडधाकट असा ज्याचा अर्थ, तो इंग्रजीच्या जुन्या मातीतला.
त्याचा भाऊ अजून जर्मनीत नांदतो,
कुणी शिंकलं की लोक त्याच्या नावाने दुवा देतात.

चौथा रास्मी हाल्क्रोच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलाय:
दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा,
बुडाशी खळगा, खळग्यात मेंढीची चरबी.
पाण्यात सोडायचा, ठाव घ्यायचा.
वर ओढला की चरबीला चिकटलेली वाळू सांगते
आपण कुठे आहोत.
ह्या ठाव घेण्यालाही साउंडच.
त्याचे वडील ती वाळू जिभेवर ठेवून बघत, असं रास्मी सांगतो.
त्याचं सगळंच खरं धरू नये, असं ओस्ला.

रास्मीचं वय एक्क्याऐंशी.
मागच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळीज अगदी साउंड आहे.
ह्याने खिडकीबाहेर मान वळवली:
"हो ना, सकाळपासून खवळलंय. बोट सुटतेय कुठली."

मी त्याच्या डोक्यावर हेडफोन चढवते.
आवाज आला की बटण दाबायचं.
मी शिट्टी सोडते, तो दाबत नाही.
मी गप्प बसते, तो दाबतो,
आणि पहिल्या बाकावरच्या पोरासारखा माझ्याकडे बघतो.
फॉर्मवर लिहिते: उंच स्वर गेले. उजवा कान जवळजवळ बंद.

मग तोच मला शेडमध्ये नेतो.
उपडी घातलेली होडी, पोटाला जुना डांबर.
उजव्या हातात हातोडी, डावा तळवा फळीवर.
ठण्. ठण्. वीतभर पुढे, ठण्.

आणि मला इथे कुणालाच ठाऊक नसलेला एक शब्द आठवतो:
ठणठणीत.
कुणा बाईने बाजारात मडकं वाजवून घेताना
तो पहिल्यांदा म्हटला असेल, बहुधा,
आणि घरी आल्यावर तापातून उठलेल्या पोराला लावला असेल.
इथे भिंतीआड राहून ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही,
ते दोघे आमच्याकडे एकाच मडक्यातून निघाले.

थद्द.

मी ऐकलं. त्याने नाही.
पण तळवा तिथेच थांबला.
त्याने खिशातला खडू काढून त्या जागेभोवती गोल ओढला.
"कसं कळलं?" मी ओरडूनच विचारलं.
त्याने माझी पेटी खाली ठेवायला लावली,
माझा हात धरून फळीवर टेकवला
आणि पुन्हा हातोडी मारली.
सडलेलं लाकूड हाताला उत्तरच देत नाही.
शेजारचं मनगटापर्यंत बोलतं.

"साउंड," तो म्हणाला.

दार उघडं होतं. बाहेर पाणी भरतीला वळत होतं.
कुठल्या बिऱ्हाडाचं पत्र हे, मी विचारलं नाही.
तीन पन्नासची फेरी गाठायची होती,
आणि हाताला अजून मुंग्या येत होत्या.